गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यावर खालच्या डबक्यातले मासे जगतात का? (कोटमसर, बस्तर)

पायवाट_नागपूर

थेट प्रश्नच विचारतो. चुनखडीच्या गुहेत छतावरून जे पाणी थेंब थेंब गळत असतं त्याचा खालच्या डबक्यातल्या माशा-किड्यांच्या जगण्याशी काही संबंध असतो का, की ते नुसतं डबकं भरायचं काम करतं?

विचारायचं कारण बस्तरची कोटमसर गुहा. कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे, जगदलपूरपासून जवळच, आमच्या नागपूर-चंद्रपूरकडची बरीच मंडळी तीरथगड धबधब्यासोबत हीपण करून येतात. दिवाळीनंतर घरचे सगळे गेलो होतो. चिंचोळ्या फटीतून पायऱ्या उतरून आत गेलं की हवा एवढी दमट की चष्म्यावर लगेच धुकं. गाईडने एका डबक्यावर टॉर्च मारला आणि म्हणाला अंधी मछली देखो. बोटभर लांबीचे फिकट मासे, तळाच्या चिखलाला पोट लावून बसलेले. आणि बरोबर त्याच डबक्यावर छतातून टप टप चालू होतं, पांढऱ्या टोकाशी थेंब जमतोय, फुगतोय, पडतोय, परत जमतोय.

गाईडला विचारलं हे खातात काय, तर म्हणाला बरसात में बाढ़ आती है, उसी में सब आता है. ते पटतं, पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं म्हणून ती बंदच ठेवतात. पण पूर येऊन गेला की पुढचे सात-आठ महिने काय? आत ऊन नाही, म्हणजे शेवाळ नाही, झाडपाला नाही, मग माशाच्या तोंडात जातं तरी काय? मुलगा नववीत आहे, त्याने परतीच्या वाटेवर गाडीत हाच प्रश्न इतक्या वेळा विचारला की शेवटी म्हटलं इथे जाणकार आहेत त्यांनाच विचारू.

ओढ्याकाठी

दादा, मुलाचा प्रश्न एकदम मोक्याचा आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी मासा. कोटमसरमधला हा मासा इंडोरिओनेक्टिस एव्हेजार्डी या नावाने ओळखला जातो, लोच म्हणजे ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या लहान माशांच्या गटातला. आणि हे नाव मुळात ज्या माशाला दिलं तो आपला पुण्याचा! फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यांवरून ही जात नोंदवली होती. म्हणजे इकडे सह्याद्रीच्या ओढ्यात गोट्यांखाली लपणारा, अंगावर गडद पट्टे आणि धडधाकट डोळे असलेला मासा, आणि त्याचा भाऊबंद तिकडे बस्तरच्या अंधारात रंग आणि डोळे दोन्ही घालवत चाललेला. तिथल्याही सगळ्या माशांचे डोळे सारखे गेलेले नाहीत, कुणाचे जास्त बारीक झालेत कुणाचे कमी. अलीकडे पश्चिम घाटातल्या या वंशाच्या जाती जनुकं तपासून वेगळ्या काढतायत, २०२१ मध्ये एका जातीला राधानगरीचं नाव मिळालं, त्यामुळे पुढेमागे बस्तरच्या माशाचं नाव बदललं तर मला नवल वाटणार नाही.

आता थेंब. गुहेच्या वर सालाचं जंगल आहे. पाऊस पडतो तो आधी पाल्यापाचोळ्यातून आणि मातीतून जातो, आणि चहाची पत्ती मुरावी तसं त्या पाल्याचं सत्त्व पाण्यात उतरतं. अगदी थोडं. जगभरात गुहांच्या थेंबांमध्ये विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजलाय, तो साधारण लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. बाहेरच्या नदीच्या मानाने हे काहीच नाही, पण गुहेत हाच कार्बन बॅक्टेरियांचा खुराक. दगडांवर, चिखलावर बॅक्टेरिया आणि बुरशीचा एक बुळबुळीत थर धरतो, हात लावला तरच कळतो (लावू नका). तो थर चरणारे अतिसूक्ष्म जीव, त्यांना खाणारे जरा मोठे किडे-अळ्या, आणि या सगळ्यांवर तुमचा मासा. हिरवं पान आत कुठेच नाही, पण वरच्या झाडाचं पान पाण्यात विरघळून आत पोचतंच.

आणि याच्या पुढची गोष्ट मला जास्त भारी वाटते. थेंबातून नुसता कार्बन येत नाही, जिवंत प्राणी पडतात. गुहेचं छत आणि वरची माती यांच्यामध्ये काही मीटर जाडीचा चुनखडीचा थर असतो, पावसाच्या पाण्याने खाऊन खाऊन भेगाळलेला, त्याला एपिकार्स्ट म्हणतात. या भेगांमध्ये पाणी साठून राहतं. त्या पाण्यात कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव पिढ्यान् पिढ्या राहतात, एक मिलिमीटरपेक्षाही लहान, बरेचसे आंधळे आणि रंगहीन. पाण्याचा जोर वाढला की त्यातले काही सुटून थेंबाबरोबर खाली पडतात. म्हणजे तुम्ही छत समजत होतात तेच एक भरलेलं तळं आहे आणि ते गळतंय. डबक्यात पडलेला कोपेपॉड परत वर जाऊ शकत नाही. तिथे जगला तर जगला, नाहीतर कुणाचं तरी पोट भरलं.

कृष्णाकाठचा_गडी

ताई माहिती मस्त पण मला एक सांगा, थेंबातून लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे किती ते? आमच्याकडे महापुरात एका रात्रीत शेतात वीतभर गाळ येऊन पडतो, पाला काटक्या मेलेली जनावरं सगळं. कोटमसरमध्ये पण पुराचं पाणी शिरतंच ना. मग खरा खुराक पुराचाच, थेंब उगाच कौतुकाचा. गाईड बरोबरच बोलला असं माझं मत.

ओढ्याकाठी

वजनाने मोजलं तर तुमचं बरोबर आहे, ज्या गुहेत नदी-नाला शिरतो तिथे सगळ्यात जास्त अन्न तोच आणतो, आणि कोटमसरमध्ये पुराचा वाटा मोठा असणारच. पण पूर वर्षातून काही दिवस आणि तोही खालच्या भागात. गुहेच्या उंचावरच्या खोबणी, बाजूचे कप्पे, छोटे वाटीएवढे खळगे, तिथे पूर कधी पोचतच नाही, आणि तरी त्या खळग्यांमध्ये जीव सापडतात. त्यांचा पोशिंदा थेंब. दुसरं म्हणजे पुराने आणलेला पाला एप्रिलपर्यंत बराचसा कुजून संपलेला असतो, ठिबक मात्र हळू का होईना चालू राहते. त्यामुळे प्रश्न पूर की थेंब असा नाहीच, कुठल्या कोपऱ्यात आणि कुठल्या महिन्यात असा आहे.

ल्युब्लियानाहून

हा विषय इथे बघून फार आनंद झाला!! मी कामानिमित्त स्लोव्हेनियात असतो आणि या थेंबांच्या अभ्यासाचं माहेरघर म्हणजे हाच देश. ताईंनी ज्या कोपेपॉडबद्दल लिहिलंय त्यावर तान्या पिपान या बाईंनी मोठं काम केलंय, पोस्तोयना गावात कार्स्ट (म्हणजे पाण्याने पोखरलेला चुनखडीचा प्रदेश) संशोधन संस्था आहे तिथल्या. अमेरिकेचे डेव्हिड कल्व्हर यांच्याबरोबर त्यांनी बरंच लिहिलंय.

त्यांची पद्धत मला फार आवडली कारण त्यात काही महागडं यंत्र नाही. थेंब जिथे पडतो तिथे खाली एक फनेल लावायचा, फनेलखाली प्लास्टिकचा डबा, डब्याच्या बाजूला खिडक्या कापून त्यावर अगदी बारीक जाळी चिकटवायची, ६० मायक्रॉनची, म्हणजे डोळ्यांना भोक दिसणारच नाही अशी. पाणी जाळीतून वाहून जातं, प्राणी डब्यात राहतात. डबा तसाच गुहेत सोडून द्यायचा आणि ठरावीक दिवसांनी जाऊन बघायचं. असं सहा गुहांमध्ये वर्षभर केलं, पोस्तोयना, श्कोत्सियान वगैरे, आणि तीसहून जास्त जातींचे कोपेपॉड मिळाले, त्यातले काही तर विज्ञानाला आधी माहीतच नव्हते. विचार करा, पोस्तोयना गुहेत १८७२ पासून पर्यटकांसाठी रूळ आहेत, १८८४ पासून विजेचे दिवे आहेत, जगातल्या सगळ्यात जास्त बघितलेल्या गुहांपैकी एक, आणि लोकांच्या डोक्यावर जे टपकत होतं त्यात नवीन प्राणी होते आणि कुणी बघितलंच नव्हतं! त्याआधी लोक डबक्यातलं पाणी गाळून बघायचे, पण डबक्यात जे टिकतात तेच दिसतात, छतात कोण राहतं ते कळायला थेंबच पकडावा लागतो. दोन थेंब हाकेच्या अंतरावर असले तरी त्यात वेगवेगळ्या जाती निघतात, कारण प्रत्येकाच्या मागची भेगांची वाट वेगळी.

इथला हिरो मात्र प्रोटिअस, स्थानिक लोक मानवी मासा म्हणतात, आहे तो सॅलमॅंडर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला उभयचर. फिकट गुलाबी, वीतभर किंवा त्याहून लांब, कल्ल्यांचे लाल झुपके बाहेर, डोळे कातडीखाली. जुन्या काळी पुरानंतर हे झऱ्यांतून बाहेर वाहून यायचे तेव्हा लोकांना वाटायचं ड्रॅगनची पिल्लं आहेत, १६८९ मध्ये वाल्व्हासोर नावाच्या विद्वानाने हे लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं अन्नाशिवाय राहू शकतो. २०१६ मध्ये पोस्तोयनाच्या गुहेतल्या टाकीत एका मादीने साठच्या वर अंडी घातली आणि वीसेक पिल्लं निघाली तेव्हा टीव्हीवर रोज बातम्या होत्या. हा प्रोटिअस काही थेंब पिऊन जगत नाही, तो नदीच्या आणि भूजलाच्या पाण्यात राहतो, पण तो जे बारीक कवचधारी जीव खातो ते त्याच चिखलाच्या थरावर चरतात ज्याबद्दल ताईंनी लिहिलं.

एक वाईट गोष्ट पण सांगतो. इथल्या आग्नेयेला बेला क्रायिना भागात क्रुपा नावाचा झरा आहे. तिथे एका कारखान्याने कपॅसिटरचा कचरा वर्षानुवर्षं चुनखडीच्या खळग्यांमध्ये टाकला, त्यात पीसीबी नावाचं विषारी रसायन होतं. १९८० च्या दशकात झऱ्याच्या पाण्यात ते सापडलं. ते अजूनही पूर्ण गेलेलं नाही, प्रोटिअसच्या अंगात पण सापडलंय. डोंगरावर कचरा टाकणाऱ्याला खाली कुणी राहतं हे माहीतही नसेल. मला यावर खरंच राग येतो कारण चुनखडीत एकदा उतरलेलं काढायचा काही मार्गच नसतो.

भूजल_वाचक

वर सगळ्यांनी जीवांबद्दल लिहिलंय, मी पाण्याच्या बाजूने भर घालतो, माझं काम भूजल सर्वेक्षणाचं.

पावसाचं पाणी मातीत शिरलं की मुळांनी आणि मातीतल्या जीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की तो वायू निसटतो आणि चुना परत बाहेर पडतो, थेंबाच्या टोकाशी साचतो तो लवणस्तंभ. पण खाली डबक्यातही तेच चालू असतं हे लोक विसरतात. डबक्याच्या पृष्ठभागावर कधी कधी पांढरी पातळ साय दिसते, ती चुन्याची. ज्या डबक्याचा तळ चुन्याने लिंपून गुळगुळीत झालाय तिथे जीव कमी, लपायला आणि चरायला जागाच नाही. तळाशी चिकणमाती असेल तर जास्त. तुम्ही मासे चिखलाला पोट लावून बसलेले बघितलेत ते यासाठीच. थेंब तोच, पण डबकं बदललं की जीव बदलतात.

दुसरा मुद्दा वेळेचा. वर जोराचा पाऊस झाला की काही टोकं काही तासांत धो धो सुरू होतात, काहींना आठवडे लागतात, काही वर्षभर एकाच गतीने चालू असतात कारण त्यांच्यामागे साठा मोठा. म्हणून उन्हाळ्यातही बस्तरमधल्या त्या डबक्याला पाणी मिळत राहतं. डबकं आटलंच नाही हीच आधी मोठी गोष्ट, खाणं नंतर. आणि वरचं जंगल तोडलं किंवा वर काँक्रीट ओतलं तर हे सगळं गणित बिघडतं, पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जातं, जे मुरतं त्यात पाल्याचं सत्त्व नसतं. गुहेच्या तोंडाला कुंपण घालून गुहा वाचत नाही, माथ्यावरची जमीन वाचवावी लागते. माझ्या मते संरक्षणाच्या आराखड्यात सगळ्यात आधी हा माथा आखून घ्यायला पाहिजे.

थेंब नसेल तर काय होतं याचं उदाहरण रोमेनियात आहे, मोव्हिले गुहा. १९८६ मध्ये सापडली. तिच्यावर चिकणमाती आणि लोएसचा (वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचा) जाड थर आहे, वरून पाणी झिरपतच नाही. त्याच वर्षी चेर्नोबिलचा अपघात झाला, बाहेरच्या मातीत किरणोत्सारी सीझियम सापडलं पण गुहेत सापडलं नाही, यावरून कळतं ती किती बंद आहे. तरी आत पाण्यात आणि काठावर पन्नासच्या घरात जाती आहेत, बऱ्याच जगात दुसरीकडे कुठे नाहीत! तिथे खालून हायड्रोजन सल्फाइडयुक्त पाणी येतं, बॅक्टेरिया त्या रसायनातून ऊर्जा घेऊन अन्न बनवतात, पाण्यावर त्यांची जाड साय धरते. म्हणजे वरून रसद बंद झाली की जगायला असली खास सोय लागते. बाकी बहुतेक गुहांना ती सोय नाही, त्यांचं अन्न वरूनच येणार, पुराने किंवा थेंबाने नाहीतर वटवाघळांच्या विष्ठेतून.

आपल्या देशात मेघालय बघा. जैंतिया हिल्समध्ये क्रेम उम लाडाव गुहेत चाळीस सेंटिमीटरहून मोठे आंधळे मासे मिळाले, २०१९ मध्ये जगाला कळलं, जमिनीखाली राहणारा जगातला सगळ्यात मोठा मासा, २०२३ मध्ये त्याला निओलिसोकायलस प्नार हे नाव मिळालं, तिथल्या प्नार लोकांवरून. एवढा मोठा मासा निव्वळ ठिबकीवर पोसणं कठीण, तिथे पावसाळ्यात वरून वाहून येणारं सगळं लागतं. आणि त्याच डोंगरांत कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणी आहेत. खाणीतलं आम्ल पाणी नद्यांमध्ये उतरलेलं तिथल्या लोकांना डोळ्यांनी दिसतं, तेच भेगांमधून खाली उतरताना मात्र कुणाला दिसत नाही.

पायवाट_नागपूर

बाप रे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवलं तर त्याचे अजून प्रश्न. एक, आपल्या अजिंठा-वेरूळच्या लेण्यांमध्ये आणि किल्ल्यांवरच्या टाक्यांमध्ये पण पाणी ठिबकतं, तिथे पण असे जीव असतील का? दोन, कोटमसरमध्ये टॉर्चच्या उजेडाने माशांना त्रास होतो का? आमच्या पुढच्या ग्रुपमधली पोरं डबक्यात मुरमुरे टाकत होती आणि कुणी अडवलं नाही, ते मला खटकलं होतं. तीन, शाळेच्या प्रोजेक्टसाठी तो फनेल आणि डबा कुठे लावता येईल?

भूजल_वाचक

पहिल्याचं मी सांगतो. अजिंठा-वेरूळ बेसॉल्टमध्ये माणसाने कोरलेली, बेसॉल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वर तसा भेगाळलेला एपिकार्स्टचा थर तयार होत नाही. पाणी येतं ते तडे आणि दोन लाव्हा थरांमधल्या सांध्यातून. सांध्यांमध्ये बारीक जीव असू शकतात, भूजल आहे तिथे काही ना काही असतंच, पण लेण्यात किंवा टाक्यात उजेड पोचतो त्यामुळे तिथे शेवाळ, डासांच्या अळ्या, बेडूक असं उघड्यावरचं जग येऊन बसतं. कोटमसरशी तुलना नको.

जांभ्यातली_विहीर

रत्नागिरीहून. चुनखडी नाही म्हणून कोकण-गोव्याच्या लोकांनी निराश होऊ नये असं मला वाटतं. आपला जांभा भोकाभोकांचा दगड, पावसाचं पाणी त्यातून झिरपत विहिरीत येतं. केरळात अशाच जांभ्याच्या विहिरींमधून आंधळे मासे मिळालेत. होराग्लॅनिस नावाचा लालसर आंधळा मागुर गटातला मासा १९५० मध्ये नोंदवला गेला तो कोट्टायमच्या विहिरींतून, आणि २०१९ मध्ये पॅंजिओ भुजिया म्हणून एक केसासारखा बारीक मासा मिळाला. २०२३ मध्ये होराग्लॅनिसची आणखी एक जात नोंदवली, त्यात तर गावकऱ्यांनी कळवलेल्या माहितीचा मोठा हात होता, नळातून बादलीत पडलेला मासा टाकून न देता कळवला म्हणून. म्हणूनच त्या जातीचं नाव पॉप्युली ठेवलंय, लोकांच्या सन्मानार्थ. आमच्याकडे मे महिन्यात विहीर उपसतात तेव्हा तळाचा गाळ सरळ माडाच्या आळ्यात जातो. मी यंदापासून वाडीतल्या सगळ्यांना सांगतोय की गाळ आधी पाण्यात कालवून बघा, काही वळवळलं तर फोटो काढा.

ल्युब्लियानाहून

टॉर्चबद्दल. थोडा वेळ उजेड पाडला आणि हलवला तर फार बिघडत नाही, पण कायम लावलेले दिवे वाईट. पोस्तोयनात दिव्यांच्या आजूबाजूला भिंतीवर शेवाळ आणि हिरवळ धरते, जिथे हिरवं काही असायलाच नको तिथे, आणि मग तेवढ्या भागातलं अन्नाचं गणितच बदलतं. आता दिवे गरजेपुरतेच लावतात आणि ते शेवाळ काढत राहावं लागतं. प्रोटिअसजवळ फोटोला फ्लॅश चालत नाही.

ओढ्याकाठी

मुरमुऱ्यांचं तुम्हाला खटकलं ते योग्यच होतं. ज्या डबक्याला लिटरमागे मिलिग्रॅममध्ये अन्न मिळतं त्यात मूठभर मुरमुरे म्हणजे महिन्यांचा साठा एकदम ओतल्यासारखं. ते कुजतात, बॅक्टेरिया भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, साचलेल्या डबक्यात तो परत भरायला वेळ लागतो. मासे हळू खाणारे, कमी हालचाल करणारे, त्यांचं शरीर उपासाला जुळलेलं आहे. शिवाय जास्त अन्न असलं की बाहेरचे दांडगे जीव पण तिथे टिकाव धरतात आणि मूळ रहिवासी मागे पडतात. पुढच्या वेळी कुणी टाकताना दिसलं तर गाईडलाच सांगा, गाईड बहुतेक स्थानिक पोरंच असतात, त्यांना गुहेबद्दल जिव्हाळा असतो, नीट सांगितलं तर ऐकतात.

प्रोजेक्टचं म्हणाल तर कोटमसर राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही लावू नका, चमचाभर पाणीसुद्धा आणू नका. त्यापेक्षा नागपुरात ओळखीच्या कुणाची जुनी विहीर असेल तर ती घ्या. ६० मायक्रॉनची जाळी मिळाली तर उत्तम, कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लवकांची जाळी असते, मागून बघा. नाही मिळाली तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे बारीक विणीचं नायलॉनचं कापड मिळतं ते चालेल. मोटरच्या पाइपाच्या तोंडाला कापडाची पिशवी बांधायची, तास-दोन तास पाणी जाऊ द्यायचं, मग पिशवी उलटी करून पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात खंगाळायची. बशी दहा मिनिटं हलवू नका. ठिपक्याएवढं काही झटके देत पोहत असेल तर तो कोपेपॉड असायची बरीच शक्यता, शेपटीजवळ दोन पिशव्या लटकलेल्या दिसल्या तर अंडी असलेली मादी. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे साधं भिंग धरून फोटो निघतो. डोळ्याचा लाल ठिपका दिसतो का ते मुलाला नीट बघायला सांगा, उघड्या तळ्यातल्यांना तो असतो, जमिनीखालच्यांना बहुधा नसतो. विहिरीला कठडा-झाकण आहे का, जवळ शोषखड्डा किंवा गोठा आहे का, शेवटची ब्लीचिंग पावडर कधी टाकली हे पण वहीत लिहून ठेवा, आणि पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा करा. फोटो इथे टाका, गटापर्यंत ओळखायला मी मदत करीन. बशीतले जीव परत त्याच विहिरीत सोडा.

पायवाट_नागपूर

ताई, मामेसासऱ्यांची कळमेश्वरला विहीर आहे, कठडा आहे पण झाकण नाही, शेजारी गोठा आहे. रविवारी जातोय. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला कापड मागताना नेमका कुठला नंबर सांगायचा?

ओढ्याकाठी

नंबर जितका मोठा तितकी वीण बारीक. त्याच्याकडचं सगळ्यात बारीक मागा आणि दोन पदरी शिवा. मोटर चालू करायच्या आधी पिशवी दोरीने घट्ट बांधा, नाहीतर पाण्याच्या जोराने निसटून जाईल.